रोबेर्तो क्लेमेंते : नाव न बदलणारा खेळाडू

अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलच्या अंतिम झुंजीला ‘वर्ल्ड सीरिज’, म्हणजे जागतिक मालिका, असे भारदस्त नाव आहे. १९०३ साली ती सुरू झाली तेव्हा तिच्यात जग तर नव्हतेच, पण संपूर्ण अमेरिकाही नव्हती. कारण १९४७ पर्यंत त्या देशातील कृष्णवर्णीय नागरिकांना या खेळाच्या वरिष्ठ संघांत स्थान नव्हते. आज हे नाव पूर्वीइतके पोकळ वाटत नाही. २०२३ चा हंगाम सुरू झाला तेव्हा तीस संघांच्या याद्यांत जे ९४५ खेळाडू होते, त्यांपैकी २६९ जण अमेरिकेच्या पन्नास राज्यांबाहेर जन्मलेले होते. त्यांत शंभराहून अधिक एकट्या डोमिनिकन प्रजासत्ताकाचे होते. त्याखालोखाल व्हेनेझुएलाचे, आणि मग क्युबा, पोर्तो रिको, जपान अशा निरनिराळ्या भूमींतून आलेले.

क्रिकेटवर वाढलेल्या आपल्या वाचकाला या परक्या खेळातील परक्यांच्या संख्येशी काय कर्तव्य, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. पण हा प्रश्न केवळ खेळाचा नाही. बाहेरून आलेल्या माणसाचे कसब संपन्न समाजाला हवे असते. त्याचे नाव, त्याची भाषा आणि त्याचा स्वाभिमान मात्र त्याने उंबरठ्याबाहेर ठेवून यावे, अशी त्या समाजाची अपेक्षा असते. पोट भरावयास आलेल्या माणसाने ही अपेक्षा मान्य करावी की करू नये? या प्रश्नाचे उत्तर ज्याने व्याख्यानांतून नव्हे, तर अठरा वर्षांच्या खेळातून आणि अखेर आपल्या मृत्यूतून दिले, त्या रोबेर्तो क्लेमेंतेची कहाणी म्हणूनच समजून घेण्याजोगी आहे.

मुकादमाचा मुलगा

क्लेमेंतेचा जन्म १८ ऑगस्ट १९३४ चा. कॅरिबियन समुद्रातील पोर्तो रिको बेटावर, कारोलिना गावाच्या सान आंतोन नावाच्या वस्तीतला. वडील मेल्चोर उसाच्या मळ्यावर मुकादम होते. आई लुइसा घर सांभाळून मिळेल ते काम करी. सात भावंडांत रोबेर्तो धाकटा. घरात विपुलता नव्हती, पण लाचारीही नव्हती. ताठ मानेने वागण्याचा धडा आपण वडिलांकडून घेतला, असे तो पुढे नेहमी सांगत असे.

पोर्तो रिकोची राजकीय स्थिती मोठी चमत्कारिक आहे. १८९८ च्या युद्धानंतर हे बेट स्पेनकडून अमेरिकेच्या ताब्यात गेले. १९१७ मध्ये तेथील जनतेला अमेरिकेचे नागरिकत्व मिळाले. परंतु बेटावर राहणाऱ्या नागरिकाला अमेरिकेच्या अध्यक्षाच्या निवडणुकीत मत नाही. हा प्रदेश ना धड स्वतंत्र राष्ट्र, ना धड अमेरिकेचे राज्य. म्हणजे क्लेमेंते जन्मतःच कायद्याने अमेरिकन नागरिक होता. आणि तरीही अमेरिकेत त्याची गणना आयुष्यभर परदेशी खेळाडूंतच होत राहिली. आजही अमेरिकेचे बेसबॉल संघ परप्रांतीय खेळाडूंची जी मोजदाद करतात, तीत पोर्तो रिकोचा समावेश असतो. नागरिकत्व कागदावर मिळते. आपलेपणा कागदावर मिळत नाही.

बेसबॉल या बेटांवर अमेरिकन फौजांच्या आधीच येऊन पोचला होता. अमेरिकेत शिकून परतलेल्या क्युबातील विद्यार्थ्यांनी तो आपल्या देशात नेला आणि तेथून तो आसपासच्या बेटांवर पसरला. १९३८ पासून पोर्तो रिकोत हिवाळी स्पर्धा भरू लागल्या. त्यांचे एक वैशिष्ट्य लक्षात ठेवण्याजोगे आहे. जे कृष्णवर्णीय खेळाडू आपल्याच देशात वरिष्ठ संघांत खेळू शकत नव्हते, ते हिवाळ्यात या बेटावर येत आणि गोऱ्यांच्या खांद्याला खांदा लावून खेळत. अशांपैकी माँटी अर्विन हा लहानग्या क्लेमेंतेचे दैवत होता. त्याची फेक पाहण्यासाठी हा मुलगा मैदानाभोवती घोटाळत राही. शाळेत असताना क्लेमेंते भालाफेकीतही चमकला. त्याच्या उजव्या हातातील जी ताकद पुढे दंतकथा होऊन बसली, तिची पूर्वतयारी अशी झाली होती.

दार कसे उघडले

परदेशी खेळाडूंची बेसबॉलमधील परंपरा तशी जुनी. क्युबाचा एस्तेबान बेयान १८७१ मध्येच अमेरिकेतील पहिल्या व्यावसायिक संघटनेच्या सामन्यांत उतरला होता. १९११ मध्ये सिनसिनाटीच्या संघाने आल्मेइदा आणि मार्सान्स या दोन क्युबन खेळाडूंना घेतले. पण घेताना त्यांच्या अंगी शुद्ध युरोपीय रक्त आहे, अशी ग्वाही लोकांना द्यावी लागली. म्हणजे परदेशी असणे चालत होते, काळे असणे चालत नव्हते. पोर्तो रिकोचा पहिला खेळाडू हिराम बिथोर्न १९४२ मध्ये शिकागोकडून खेळला, तोही गोऱ्यांत गणला गेल्यामुळेच. १५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनच्या संघातून मैदानावर उतरला आणि वर्णभेदाची भिंत पडली. या घटनेचा लाभ अमेरिकेतील कृष्णवर्णीयांना झाला, हे सर्वज्ञात आहे. पण त्याच दिवशी कॅरिबियन बेटांवरील शेकडो सावळ्या तरुणांनाही दार उघडले, याची नोंद क्वचितच घेतली जाते.

त्यानंतर अमेरिकन क्लबांचे हेर या बेटांवर हिंडू लागले. त्यांत गुणग्राहकता होती, तसा हिशेबही होता. येथील गुणी पोर स्वस्तात मिळे. क्लेमेंते १९५२ मध्ये सांतुर्से या स्थानिक संघात आठवड्याला ४० डॉलरवर रुजू झाला होता. १९५४ च्या फेब्रुवारीत ब्रुकलिन डॉजर्सने त्याला ५,००० डॉलर वेतन आणि १०,००० डॉलर बक्षीस देऊन करारबद्ध केले आणि कॅनडातील मॉन्ट्रिऑलच्या कनिष्ठ संघात धाडले. भोवती फ्रेंच आणि इंग्रजी. याला दोन्ही अपरिचित. खेळण्याची संधीही बेताचीच. त्या काळच्या नियमानुसार, एवढे बक्षीस देऊन घेतलेला नवखा खेळाडू वरिष्ठ संघात ठेवला नाही, तर हंगामाअखेर अन्य क्लब त्याला ४,००० डॉलरांत उचलू शकत असे. पिट्सबर्ग पायरेट्सने नेमके तेच केले. त्या वेळी पिट्सबर्गचा कारभार ब्रँच रिकी यांच्या हाती होता. रॉबिन्सनला मैदानावर आणणारे रिकी तेच.

‘बॉब’ म्हणजे कोण?

१७ एप्रिल १९५५ रोजी क्लेमेंते पिट्सबर्गकडून पहिला सामना खेळला. पुढची अठरा वर्षे त्याने दुसऱ्या कोणत्याही संघाचा पोशाख अंगावर चढविला नाही. परंतु ही निष्ठा दोन्ही बाजूंनी सारखीच होती, असे म्हणवत नाही.

वसंत ऋतूतील सरावासाठी संघ फ्लॉरिडातील फोर्ट मायर्स येथे जाई. तेथे गोरे खेळाडू हॉटेलात उतरत आणि कृष्णवर्णीय खेळाडूंना गावाच्या काळ्या वस्तीतील घरांत राहावे लागे. प्रवासात गोरे सहकारी खाणावळीत जेवत असताना इतरांनी बसमध्ये थांबावे आणि त्यांनी आणून दिलेले खावे, अशी रीत होती. ज्या बेटावर अशी विभागणी त्याने पाहिली नव्हती, तेथून आलेल्या या तरुणाला हे सहन होणे शक्य नव्हते. तो उघड तक्रार करी. बसमधले अन्न घेऊ नका, असे सहकाऱ्यांना सांगे. अखेरीस या खेळाडूंसाठी वेगळ्या मोटारीची व्यवस्था करणे व्यवस्थापकांना भाग पडले. तो वर्णाने कृष्णवर्णीयांत मोडे, भाषेने लॅटिन अमेरिकनांत. अशा दुहेरी परकेपणाची झळ रॉबिन्सनलाही लागली नव्हती.

दुसरी झळ वृत्तपत्रांची. पिट्सबर्गचे वार्ताहर स्पॅनिश जाणत नव्हते. क्लेमेंतेने प्रयासाने जमविलेले इंग्रजी ते उच्चाराबरहुकूम, मुद्दाम वेड्यावाकड्या वर्णलेखनात छापत. मैदानावर ज्याला तोड नाही असा माणूस वर्तमानपत्रात नाटकातील विनोदी पात्रासारखा दिसे. आणखी एक गोष्ट वरकरणी क्षुल्लक वाटेल. ‘रोबेर्तो’ हे नाव अमेरिकन जिभेला अवघड, म्हणून त्याचे परस्पर ‘बॉब’ करण्यात आले. समालोचक त्याला बॉब म्हणत; मुलांत खपणाऱ्या खेळाडूंच्या चित्रपत्त्यांवर साठीच्या दशकाच्या अखेरीपर्यंत हेच नाव छापले जाई. क्लेमेंते दर वेळी शांतपणे, कधी त्राग्याने, ते दुरुस्त करी. आपले नाव रोबेर्तो आहे, बॉब नव्हे, हे सांगण्याचा त्याला कधी कंटाळा आला नाही. त्याच्या पाठीवरील २१ हा आकडा प्रसिद्ध आहे. रोबेर्तो क्लेमेंते वॉकर या त्याच्या पूर्ण नावात रोमन लिपीतील एकवीस अक्षरे येतात. स्पॅनिश रिवाजानुसार यातील अखेरचे वॉकर हे आईचे कुलनाम. आई आणि बाप या दोघांचीही नावे तो पाठीवर वाहत होता, असे म्हणावयास हरकत नाही.

तिसरा आक्षेप दुखण्यांचा. १९५४ च्या हिवाळ्यात एका मद्यपी चालकाने त्याच्या मोटारीला धडक दिली आणि त्याचा कणा कायमचा अधू झाला. पाठदुखीने तो अनेकदा बेजार असे. गोरा खेळाडू दुखणे घेऊन खेळला तर शूर ठरे. क्लेमेंतेने दुखते असे म्हटले की तो कामचुकार ठरे. हा कामचुकार माणूस पिट्सबर्गकडून २,४३३ सामने खेळला. तो स्वभावाने मानी होता, प्रसंगी तापटही होता, आणि आपले मोठेपण आपणच बोलून दाखविण्याचा दोष त्याच्यात होता, हे खरे. परंतु जेव्हा इतर कोणी ते मोठेपण बोलून दाखवीत नाही, तेव्हा हा दोष काहीसा क्षम्य मानावा लागतो.

आकड्यांची साक्ष

बेसबॉलमध्ये फलंदाजाचे यश दशांशाच्या तीन आकड्यांत मोजतात. दहा संधींपैकी तिहींत जो यशस्वी फटका मारतो, म्हणजे ज्याची सरासरी .३०० असते, तो उत्तम फलंदाज समजला जातो. क्लेमेंतेची संपूर्ण कारकीर्दीची सरासरी .३१७ होती. १९६१, १९६४, १९६५ आणि १९६७ अशी चार वर्षे तो आपल्या लीगमध्ये सरासरीत पहिला आला. १९६७ मध्ये तर ती .३५७ होती. मैदानाच्या उजव्या टोकाला तो क्षेत्ररक्षण करी आणि तेथून त्याने केलेली फेक पाहून धावणारे प्रतिस्पर्धी जागीच थबकत. उत्कृष्ट क्षेत्ररक्षणासाठीचा ‘गोल्ड ग्लव्ह’ त्याला १९६१ ते १९७२ अशी सलग बारा वर्षे मिळाला.

तरीही मान्यता उशिरानेच आली. १९६० मध्ये पिट्सबर्गने न्यूयॉर्क यँकीज या बलाढ्य संघाला सात सामन्यांच्या मालिकेत नमविले. या सातही सामन्यांत क्लेमेंतेने फटके मारले. पण त्या हंगामातील सर्वोत्तम खेळाडू निवडताना लेखकांनी त्याला आठवा क्रमांक दिला. पहिला आला नाही याचे त्याला दुःख नव्हते. आठवा आला याचे होते. हा सन्मान त्याला १९६६ मध्ये मिळाला, तोवर सहा वर्षे लोटली होती.

मैदानाबाहेरही त्याच्या शब्दाला वजन येत चालले होते. एप्रिल १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. किंग यांच्या अंत्यविधीपूर्वी आपण हंगामातील पहिला सामना खेळणार नाही, अशी भूमिका पिट्सबर्गच्या अकरा कृष्णवर्णीय खेळाडूंनी घेतली. त्यासंबंधीचे निवेदन क्लेमेंतेने आपल्या एका गोऱ्या सहकाऱ्यासह तयार केले. सामना पुढे ढकलण्यात आला.

मग १९७१ साल उजाडले. त्या वर्षी १ सप्टेंबरला पिट्सबर्गच्या संघात नऊच्या नऊ खेळाडू कृष्णवर्णीय किंवा लॅटिन अमेरिकन होते. पनामाचे दोघे, क्युबाचा एक, पोर्तो रिकोचा क्लेमेंते आणि उरलेले अमेरिकन कृष्णवर्णीय. वरिष्ठ बेसबॉलच्या इतिहासात हे प्रथमच घडत होते, आणि ते ठरवून घडविलेले नव्हते. त्या दिवशी जे नऊ योग्य वाटले ते प्रशिक्षकाने उतरविले, इतकेच. एके काळी ज्याच्यासाठी बसमध्ये जेवण आले असते, तो आता या संघाचा निर्विवाद ज्येष्ठ होता. त्याच वर्षीच्या अंतिम मालिकेत बाल्टिमोरविरुद्ध त्याने .४१४ च्या सरासरीने खेळून, निर्णायक सातव्या सामन्यात होम रन मारून, विजय खेचून आणला. मालिकेतील सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याची निवड झाली. हा मान मिळविणारा तो पहिला लॅटिन अमेरिकन होय. विजयानंतर सारी अमेरिका दूरचित्रवाणीवर पाहत असताना, इंग्रजीत काही बोलण्यापूर्वी त्याने स्पॅनिशमधून आपल्या आईवडिलांचे आशीर्वाद मागितले. ज्या भाषेची वर्तमानपत्रांनी टर उडविली होती, ती भाषा त्या क्षणी कोट्यवधी घरांत ऐकू गेली.

शेवटचे उड्डाण

कीर्तीबरोबर अमेरिकेतच घर करावे, असे त्याला वाटले नाही. १९६४ मध्ये त्याने कारोलिनाच्याच व्हेरा साबालाशी विवाह केला आणि आपली तिन्ही मुले पोर्तो रिकोच्या भूमीवरच जन्माला यावीत, असा आग्रह धरला. बेटावरील गरीब मुलांसाठी क्रीडानगरी उभारावी, हा त्याचा ध्यास होता.

३० सप्टेंबर १९७२ रोजी त्याने कारकीर्दीतील ३,००० वा फटका मारला. त्याच्यापूर्वी हा टप्पा गाठणारे केवळ दहा जण होते. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात पोर्तो रिकोच्या हौशी संघाचा व्यवस्थापक म्हणून तो निकाराग्वाच्या राजधानीत, मानाग्वा येथे, जाऊन आला. महिनाही लोटला नाही तोच, २३ डिसेंबरला, भूकंपाने ते शहर उद्ध्वस्त केले. हजारो माणसे दगावली. क्लेमेंतेने ऐन नाताळात मदतसमितीचे नेतृत्व पत्करले. नभोवाणीवरून आवाहने केली, दारोदार हिंडून धान्य, कपडे, औषधे गोळा केली. विमाने रवाना झाली. पण तेथील हुकूमशहा सोमोसा याचे सैनिक मदतसामग्री मध्येच गिळंकृत करीत असल्याच्या वार्ता येऊ लागल्या. आपण स्वतः गेलो तर कोणी हात लावणार नाही, अशा विश्वासाने त्याने पुढच्या विमानातून जाण्याचे ठरविले.

ते विमान जुनाट होते. याच महिन्यात त्याला अपघात झाला होता, आणि त्यात मर्यादेपेक्षा जवळजवळ दोन टन अधिक माल भरला होता. ३१ डिसेंबर १९७२ च्या रात्री, बेटावर नववर्षाच्या स्वागताची तयारी चालू असताना, सान हुआनच्या विमानतळावरून ते उडाले आणि थोड्याच वेळात समुद्रात कोसळले. पाचही जण मृत्यू पावले. क्लेमेंतेचा देह कधीच हाती लागला नाही. संघातील त्याचा पनामाचा मित्र मानी सांगियेन पाणबुड्यांबरोबर समुद्रात उतरून त्याला शोधत राहिला. त्यासाठी तो शोकसभेलाही गेला नाही. क्लेमेंते अवघ्या ३८ वर्षांचा होता. त्याचे फटके बरोबर तीन हजारांवर थांबले.

ताम्रपटावरील चूक

बेसबॉलच्या सन्मान-दालनात निवड होण्यासाठी खेळाडूला निवृत्तीनंतर पाच वर्षे थांबावे लागते. क्लेमेंतेसाठी हा नियम बाजूस सारण्यात आला आणि १९७३ मध्ये त्याला तेथे स्थान मिळाले. त्या दालनात प्रवेश करणारा तो पहिला लॅटिन अमेरिकन. समाजकार्यासाठी बेसबॉलपटूला दरवर्षी दिल्या जाणाऱ्या पारितोषिकालाही त्याचे नाव देण्यात आले. पण या गौरवातही एक ठेच लागलीच. दालनातील धातुपटावर त्याचे नाव रोबेर्तो वॉकर क्लेमेंते असे कोरले गेले. आईचे कुलनाम मधले नाव समजून अमेरिकन पद्धतीने मध्ये बसविण्यात आले. ही चूक सुधारून नवा पट लावण्यास २००० साल उजाडावे लागले. ज्याने जन्मभर आपले नाव बरोबर घ्यावे एवढाच हट्ट धरला, त्याचे नाव बरोबर लिहिण्यास मृत्यूनंतर सत्तावीस वर्षे लागली.

त्याने रुंद केलेल्या दारातून पुढे पुष्कळजण आले. २००८ मध्ये उत्तर प्रदेशातील रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या दोन तरुणांना अमेरिकन बेसबॉलने करारबद्ध केले. त्यांना घेणारा क्लब क्लेमेंतेचा पिट्सबर्ग पायरेट्सच होता, आणि हे दोघेही त्याच्याप्रमाणेच मुळात भालाफेकपटू होते. वरिष्ठ संघापर्यंत ते पोचू शकले नाहीत. पण अशी वाट असते, हे तरी भारतीयांना समजले. २०२५ मध्ये जपानचा इचिरो सुझुकी सन्मान-दालनात दाखल झाला. त्याच्या पाठीवर त्याचे आडनाव नव्हे, तर इचिरो हे नाव असे. आणि त्याचे कोणी परस्पर भाषांतर केले नाही.

म्हणून सारे आलबेल झाले, असे समजण्याचे कारण नाही. आज अमेरिकेतील सर्व क्लबांच्या प्रबोधिनी डोमिनिकन प्रजासत्ताकात आहेत. सोळाव्या वर्षी मुले करारावर सह्या करतात. त्यांतील फार थोडी वरिष्ठ संघांपर्यंत पोचतात आणि बाकीची शाळा सुटलेल्या स्थितीत घरी परततात. स्वस्त कसबाचा शोध संपलेला नाही. क्लेमेंतेची क्रीडानगरी त्याच्या मागे उभी राहिली खरी, पण कालांतराने तिचीही हेळसांड झाली. मोठ्या माणसाचे पुतळे उभारणे सोपे असते. त्याचा आग्रह चालविणे कठीण असते.

आणि तो आग्रह तरी कोणता होता? परक्या देशाने आपल्याला डोक्यावर घ्यावे, असा नव्हता. ज्याच्या श्रमाचे मोल तुम्ही घेता, त्याला त्याच्या नावाने हाक मारा; तो ज्या भाषेत विचार करतो, तिला हसू नका; त्याला दुखते असे तो म्हणतो, तेव्हा त्यावर विश्वास ठेवा, एवढाच तो होता. वर्गात, कचेरीत, कारखान्यात बाहेरगावाहून नवा माणूस येतो, तेव्हा त्याचे नाव उच्चारावयास अवघड म्हणून आपण ते बदलून टाकतो की शिकून घेतो, ही तशी लहानशीच बाब आहे. परंतु कोणताही समाज किती मोठा आहे, हे बहुधा अशा लहान बाबींवरूनच ठरत असते.